सरपंचबाई, खुर्चीत बसण्याआधी

पोरी, हारतुरे उतरवून ठेव आणि घटकाभर माझ्याजवळ बस. आमच्या गावच्या ग्रामपंचायतीत मी पाच वर्षं मेंबर होतो. सांगतोय ते पोथीतलं कमी, पोळलेलं जास्त.

राजाचे दहा धम्म तू लहानपणी विहारात पाठ केलेस, दानापासून अविरोधापर्यंत. दहाही एकदम जमायचे नाहीत. तू आधी अक्रोध धर. भर ग्रामसभेत मी एकदा एका म्हाताऱ्यावर ‘खाली बस’ म्हणून ओरडलो. नळाच्या पाण्याचं गाऱ्हाणं होतं आणि खरं होतं. तो बसला, पण पुन्हा सभेला आला नाही. त्याच्यामागे त्याची सगळी आळी यायची थांबली. राग आला की मागच्या सभेचं इतिवृत्त उघड आणि मोठ्यानं वाचायला लाग. दोन पानांत डोकं थंड होतं.

ठरावाचं मात्र नीट ऐक. भिक्खुसंघात मोठ्या कामाचा ठराव आधी मांडायचे, त्याला ञत्ति म्हणत, आणि मग तीनदा पुकारायचे. पटलं त्यानं गप्प राहावं, नाही पटलं त्यानं बोलावं. वाद मिटला नाही तर शलाका, म्हणजे काड्या, वाटून मतं घ्यायची. वाटणारा आवड, द्वेष, मोह, भय यांत न सापडणारा हवा. ही रीत आपल्याला नवी नाही, हे बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीत सांगितलं. तेव्हा घरकुलाची यादी तीनदा वाच. एकदा खुर्चीतून, एकदा मागे बसलेल्या बायकांत उभी राहून, एकदा दाराबाहेर तंबाखू मळणाऱ्यांसाठी. पण गप्प बसण्याला होकार समजू नकोस. संघात सगळे एका चीवरातले. इथं मजूर मालकासमोर तोंड उघडत नाही. त्याच्या घरी जाऊन विचार.

राजकारणातली भक्ती शेवटी हुकूमशाहीकडे नेते, हेही त्याच भाषणातलं. चौकातल्या बॅनरवर पोरांनी बाबासाहेबांच्या शेजारी तुझा फोटो लावलाय, तोही त्यांच्याहून मोठा. आजच उतरवायला लाव.

आणि अशोकानं दगडावर कोरून ठेवलंय: मी जेवत असो की अंतःपुरात, लोकांचं काम मला कुठंही, केव्हाही कळवा. सकाळपासून तुझा फोन जावईबापू उचलतायत. शिक्काही त्यांच्याच खिशात दिसला मला. दोन्ही तुझ्या पर्समध्ये घाल. त्यांच्याशी मी बोलतो.