बालकांतील मानसिक आघाताची लक्षणे : निदान व चिकित्सकाचे कर्तव्य

सात वर्षांचे मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले, की पालक शय्यामूत्रावर औषध मागतात. दात खाते म्हणून कृमिघ्न, अभ्यासात लक्ष नाही म्हणून मेध्य रसायन. औषध ग्रंथोक्त असते. परंतु या लक्षणांमागे भय वा शोक आहे काय, हा प्रश्न पुष्कळदा राहून जातो.

शास्त्राधार

बोलू न शकणाऱ्या बालकाची व्यथा त्याच्या चेष्टांवरून ओळखावी, ही काश्यपसंहितेतील वेदनाध्यायाची दृष्टी होय. शिरःशूलात बालक डोके हलवते व डोळे मिटते. कर्णशूलात हात कानाकडे नेते. मनाच्या व्यथेसही हाच न्याय लागू पडतो. चरकाचार्यांनी अतिसाराच्या सहा प्रकारांत भयज व शोकज हे दोन स्वतंत्र प्रकार सांगितले आहेत.

वयानुसार लक्षणे

१) सहा वर्षांपर्यंत : सुटलेले शय्यामूत्र वा बोबडे बोलणे परत येणे, आईस न सोडणे, झोपेत किंचाळणे. अपघात पाहिलेले मूल गाड्यांच्या टकरीचाच खेळ पुनःपुन्हा खेळते. त्या खेळात आनंद नसतो.

२) शालेय वय : शाळेच्या वेळी पोटदुखी वा डोकेदुखी, दुःस्वप्ने, दचकणे, चिडचिड, अभ्यासात अचानक घसरण.

३) किशोरवय : एकलकोंडेपणा, बेदरकार वर्तन, व्यसन, स्वतःस इजा करून घेणे.

काही मुले मात्र एकाएकी अतिशय शांत व आज्ञाधारक होतात. त्यांची तक्रार कोणी आणत नाही, म्हणून तीच नजरेतून सुटतात.

प्रश्नपरीक्षा

हे केव्हापासून? त्याआधी घरी, शाळेत वा शेजारी काय घडले? कोणत्या जागी, कोणत्या वेळी, कोणासमोर वाढते? ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात पहाटेच्या भूकंपात झोपलेल्या माणसांवर घरे कोसळली. अशा प्रसंगातून वाचलेले मूल छपराखाली झोपण्यास नकार देत असेल, तर तो हट्ट नव्हे. मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह, मलावरोध, अपस्मार इत्यादी शारीरिक कारणे मात्र आधी तपासावीत.

उपाययोजना

सत्त्वावजय चिकित्सेत आश्वासनास प्रथम स्थान द्यावे. जेवण, झोप व खेळ यांच्या वेळा नियमित ठेवाव्यात. घडलेली हकीकत वदवून घेण्याचा आग्रह धरू नये. मूल आपणहून बोलल्यास शांतपणे ऐकावे. रडणाऱ्या वा न जेवणाऱ्या बालकास राक्षस-पिशाचांची नावे घेऊन भिववू नये, असे चरकसंहितेच्या शारीरस्थानात सांगितले आहे. पालकांस ते अवश्य समजवावे. सुरक्षित वातावरणात अनेक मुले काही आठवड्यांत सावरतात. लक्षणे महिन्याहून अधिक टिकल्यास बालमानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे. स्वतःस इजा वा मरणाची भाषा आढळल्यास त्याच दिवशी.

विशिष्ट व्यक्तीची भीती, गुह्यांगी वेदना किंवा वयास न शोभणारे लैंगिक वर्तन आढळल्यास अत्याचाराची शक्यता ध्यानी घ्यावी. २०१२ च्या पोक्सो कायद्यातील कलम १९ अन्वये, असा गुन्हा घडल्याचे समजल्यास पोलिसांस कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. वैद्यही त्यास अपवाद नाहीत. १०९८ या बाल मदत क्रमांकावरही साहाय्य मिळते.

औषधविक्रेत्यांनीही एक पथ्य पाळावे. त्याच मुलासाठी तेच औषध तिसऱ्यांदा मागितले गेल्यास, बाटली देण्यापूर्वी मुलास वैद्यांकडे नेण्यास सांगावे. मूल स्वतःहून दुकानी येऊन आपली भीती सांगणार नाही; ती ओळखण्याची जबाबदारी आपलीच आहे.