आधी कोणाचे फेडू?

प्रश्न : मी नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात नोकरी करतो. हातात ४२,००० रुपये पगार येतो. वडिलांच्या ऑपरेशनसाठी बँकेचे वैयक्तिक कर्ज काढले, त्याचा हप्ता १२,५०० आहे. कारखान्यातला मित्र जामीनदार राहिला म्हणून पतसंस्थेचेही कर्ज मिळाले, त्याचा हप्ता ६,२००. क्रेडिट कार्डावर १,२०,००० थकलेत, दरमहा किमान रक्कम म्हणजे ६,००० भरतो. घरभाडे ९,०००. महिनाअखेरीस भागेना म्हणून मोबाइल ॲपवरून १५,००० उचलले. आता त्यांचे सारखे फोन येतात, मेहुण्यालाही गेला. पोलीस घरी पाठवू म्हणतात. घाबरून गेल्या महिन्यात पतसंस्थेचा हप्ता चुकवला आणि ॲपला पैसे दिले. रात्री झोप लागत नाही, अनोळखी नंबर उचलायची भीती वाटते, मुलीच्या क्लासची फी राहिली आहे. कार्डाचे आणि ॲपचे बायकोला माहीत नाही. तिचे दागिने मोडू का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दागिन्यांचे नंतर बोलू. पत्रातली एक गोष्ट मला फार लागली, ती म्हणजे पतसंस्थेचा हप्ता चुकवून तुम्ही ॲपला पैसे दिलेत. जो जास्त धमकावतो त्याचे आधी फेडायचे, हा भीतीने लावलेला क्रम आहे. हप्ता चुकला तर कोणाचे काय बिघडेल आणि व्याज किती चढेल, एवढे दोनच प्रश्न विचारून क्रम लावा.

तसा लावला तर पतसंस्था पहिली येते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. थकबाकी वाढली तर संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवू शकते, आणि मग तुमच्या मित्राच्या पगारालाही कात्री लागू शकते. एक हप्ता राहिला आहे हे त्याला या आठवड्यात तुम्ही स्वतः सांगा. संस्थेच्या नोटिशीतून त्याला कळले, तर वर्षानुवर्षांची मैत्री तुटेल.

दुसरे कार्ड. स्टेटमेंटवर दरमहा साडेतीन टक्के व्याज असेल, तर १,२०,००० वर ४,२०० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ७५६, असे ४,९५६ रुपये होतात. तुमच्या ६,००० मधून मूळ रकमेपैकी जेमतेम १,०४४ रुपये फिटतात. वर, मागचे पूर्ण फिटत नाही तोवर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. कार्डावर घेतलेल्या किराण्यालाही पहिल्या दिवसापासून व्याज लागते. तेव्हा कार्ड वापरणे आजच थांबवा आणि थकबाकी ठरावीक हप्त्यांत बदलून देण्याची विनंती बँकेला लेखी करा. त्याचा व्याजदर बहुधा कमी असतो, पण दर आणि प्रक्रिया शुल्क आधी विचारून घ्या.

वैयक्तिक कर्जासाठी शाखेत जाऊन मुदत वाढवून मागा. एकूण व्याज जास्त जाईल, हे खरे. पण आज सगळे हप्ते आणि भाडे भागवून तुमच्याकडे ८,३०० रुपये उरतात. तेवढ्यात तीन माणसांचे घर चालत नाही, म्हणूनच ॲपची पाळी आली. एकही हप्ता चुकण्याआधी गेलात तर बँक नीट ऐकून घेते.

आता ॲप. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ॲपमागे बँक किंवा नोंदणीकृत वित्तसंस्था असलीच पाहिजे, आणि ॲपला तुमच्या फोनमधली संपर्कयादी वाचता येत नाही. वसुलीचे फोन सकाळी ८ ते संध्याकाळी ७ याच वेळेत करता येतात. नातेवाइकांना फोन करून अब्रू काढणे हा सरळ नियमभंग आहे. मेसेज, कॉलची नोंद, स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि आधी कर्ज देणाऱ्या संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. ॲपमागे अशी संस्थाच नसेल तर सायबर पोलिसांकडे जा. एका ॲपचे फेडायला दुसरे ॲप मात्र उघडू नका.

पोलिसांची धमकी पोकळ आहे. पैसे नाहीत म्हणून हप्ता थकणे हा गुन्हा नाही, तो दिवाणी मामला आहे. चेक न वटणे मात्र वेगळे. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते, आणि खात्यातून आपोआप जाणारा हप्ता शिल्लक नसल्याने परत गेला तरी २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली तसेच. चेकबाबतची नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस असतात, म्हणून पोस्टमन आणेल ते पाकीट घ्या आणि उघडा. दिवाणी हुकूम झालाच तरी सगळा पगार जात नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश यांना हात लावता येत नाही.

दागिने तुमचे नाहीत. स्त्रीधनावर फक्त पत्नीचा हक्क असतो, सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्येही हे स्पष्ट केले आहे. तिने कुठे सही केली नसेल तर तुमचे कर्ज फेडायची जबाबदारीही तिच्यावर नाही. तरीही तिला आज सगळे सांगा, आकड्यांसकट. मेहुण्यापर्यंत फोन गेलाच आहे. ती बातमी माहेरून तिच्या कानावर येणे फार वाईट. सगळे ऐकून तिने आपणहून तयारी दाखवली, तर मोडण्यापेक्षा बँकेत सोनेतारण ठेवून कार्ड एकदम फेडणे हिशेबात बसते, कारण त्याचे व्याज कार्डाच्या मानाने बरेच कमी असते. पण मग त्या कार्डावर पुन्हा खर्च नको, नाहीतर दागिनेही अडकतील आणि कार्डही थकेल.

कमी पैशांत मिटवून टाकू, असे एखादा वसुली एजंट म्हणेल. अशी तडजोड सिबिलच्या अहवालात ‘सेटल्ड’ म्हणून दिसते आणि पुढचे कर्ज अवघड होते, म्हणून तो शेवटचा मार्ग ठेवा. करावीच लागली तर संस्थेचे पत्र आधी हातात घ्या आणि पैसे कर्जखात्यातच भरा, एजंटच्या यूपीआयवर नाही. पतसंस्थेचे कर्ज फिटेल त्या दिवशी बेबाकी दाखला घ्या, आणि तुम्ही व मित्राने संस्थेला कोरे चेक दिले असतील तर तेही मोजून परत घ्या.