ब्रेक ऑईलकडे दुर्लक्ष नको



हंगाम तोंडावर आला की आपण जीप-पिकअपचे इंजिन ऑईल बदलतो, टायर पाहतो. ब्रेक ऑईल तेवढे राहून जाते. कारण साधे आहे. इंजिन ऑईल काळे पडलेले दिसते, डिझेल संपले की गाडी थांबते; ब्रेक ऑईलची डबी मात्र भरलेलीच दिसते. ‘ब्रेक लागतोय ना, मग झालं!’ असे म्हणून आपण मोकळे होतो.

पण हे तेल हवेतील ओल शोषते. डॉट-३ जातीचे नवे तेल २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पावणेचार टक्के पाणी मुरले की ते १४० अंशांनाही उकळू शकते. भरली गाडी घाट उतरताना ब्रेक तापतात, तेलात वाफ धरते आणि पायडल तळाला जाते. सपाट रस्त्यावर याचा पत्ताच लागत नाही.

म्हणून गाडीच्या पुस्तकात वेगळे सांगितले नसेल, तर दर दोन वर्षांनी सगळे तेल बदलावे. झाकणावर लिहिलेल्या जातीचेच, सीलबंद डब्यातले घ्यावे. इंजिन ऑईल कदापि ओतू नये. आतली रबरे फुगतात. पातळी उतरली तर नुसती भर न घालता गळती व लायनर तपासून घ्यावेत. बदलल्याची तारीख बॉनेटच्या आत लिहून ठेवावी, म्हणजे विसर पडणार नाही.