परिचारिकेचे श्रम कसे मोजाल?

आमच्या लाखनीसारख्या तालुक्याच्या गावी रुग्णालयात एखाद्या नातेवाइकाच्या सोबतीला रात्रभर राहण्याचा प्रसंग तुमच्यावरही आला असेल. परिचारिका, म्हणजे आपल्या सिस्टर, एका खाटेकडून दुसऱ्या खाटेकडे सारख्या जात असतात. पाळी संपते तेव्हा त्या थकून जातात. हे श्रम मोजता येतील काय?

पदार्थविज्ञानात कार्य म्हणजे बल गुणिले बलाच्या दिशेने झालेले विस्थापन. सिस्टरनी रुग्णाला पाच मिनिटे आधार देऊन बसते धरले, तर विस्थापन शून्य. म्हणून रुग्णावर केलेले कार्यही शून्य! स्नायू मात्र ताणलेले राहण्यासाठी ऊर्जा खर्च करतात आणि दमतात. तेव्हा ही मोजपट्टी येथे अपुरी पडते.

आता खिशातला मोबाईल पाहू. त्यात त्वरणमापक असतो. सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा तशाच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला असतो. पाऊल पडताच हिसका बसतो, तुकडा किंचित सरकतो आणि विद्युत धारिता बदलते. या बदलांवरून मोबाईल पावले मोजतो. एक पाऊल 60 सेंटिमीटरचे धरले, तर 10,000 पावले म्हणजे 6 किलोमीटर.

पण सिस्टर अत्यवस्थ रुग्णाजवळ तासभर नाडी आणि सलाईन पाहत उभ्या राहिल्या, तर? पावले शून्य! केवळ पावलांवरून परिचारिकांची संख्या ठरवली, तर जेथे त्यांची सर्वांत जास्त गरज, तोच कक्ष रिकामटेकडा ठरेल.

यावर एक युक्ती आहे. 1930 च्या दशकात ब्रिटनमधील कापडगिरण्यांच्या अभ्यासात टिपेट या संख्याशास्त्रज्ञाने ती वापरली. यंत्रांवर दिवसभर पहारा न ठेवता अनियमित वेळी नजर टाकायची आणि नोंद करायची. हेच काम मोबाईल करू शकतो. तो अवचित वाजेल. सिस्टरनी ‘औषध देणे’, ‘नोंदवही लिहिणे’, ‘रुग्णावर लक्ष ठेवणे’ यांपैकी एक बटण दाबायचे.

समजा, एका पाळीत 10 याप्रमाणे दहा पाळ्यांत 100 नोंदी झाल्या आणि त्यांत 40 वेळा लिखाण आढळले. म्हणजे आठ तासांपैकी सुमारे 3 तास 12 मिनिटे लिखाणात गेली. या उत्तरात साधारण 5 टक्क्यांची, म्हणजे 24 मिनिटांची, चूक संभवते. ती निम्मी करायची तर नोंदी चौपट हव्यात. एवढे लिखाण असेल, तर त्या कक्षाला कारकुनाची गरज आहे, हे आकड्यांनी दाखवता येईल. मात्र हे मोजमाप कामाचे आहे, सिस्टरांवरची पाळत नव्हे. म्हणून त्यांची संमती आधी घ्यावी.

करून पाहा : 1 ते 180 आकड्यांच्या चिठ्ठ्यांतून 20 चिठ्ठ्या काढा. संध्याकाळी 6 ते 9 या वेळात त्या त्या मिनिटाला आई काय करते, ते तिला विचारून टिपून ठेवा. किती नोंदींत ती नुसती बसलेली आढळली?