यादीतल्या साइट आणि आजोबांचा हॉटस्पॉट

घरच्या वाय-फायच्या राउटरमध्ये बहुधा 'पेरेंटल कंट्रोल' नावाचा एक रकाना असतो. परवानगीच्या साइटचे पत्ते भरायचे, मुलांचा टॅब निवडायचा, सेव्ह करायचं. यादीबाहेरचं सगळं बंद. प्रस्तुत लेखकाच्या घरी एका दिवाळीच्या सुट्टीत अशी यादी तयार झाली. विकिपीडिया, मराठी विश्वकोश, बालभारती, दीक्षा, खान अकॅडमी. यादी इतकी सात्त्विक की आजी-आजोबांनीही मान डोलावली. सहावीतल्या मुलीने तेवढी डोलावली नाही.

पहिली कुरबुर विकिपीडियाची निघाली. रायगडाच्या पानावर मजकूर होता, पण चित्रांच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी. विकिपीडियाचा मजकूर येतो विकिपीडिया डॉट ऑर्गवरून आणि चित्रं विकिमीडिया डॉट ऑर्गवरून. यादीत पहिला पत्ता होता, दुसरा नव्हता. खान अकॅडमीचंही तेच, तिच्या पानांचा बराचसा भाग केएस्टॅटिक डॉट ऑर्ग या निराळ्याच पत्त्यावर असतो. यूट्यूबचे व्हिडिओ तर गूगलव्हिडिओ डॉट कॉमवरून येतात. एक साइट चालू करायची म्हणजे तिचं सगळं गणगोत यादीत घ्यावं लागतं. हे गणगोत शोधायचा सोपा मार्ग असा : लॅपटॉपवर ती साइट उघडा, एफ-१२ दाबा आणि 'नेटवर्क' या भागात कोणकोणते पत्ते येतात ते बघा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण ते दर साइटला करावं लागतं आणि साइटवाल्यांनी काही बदललं की पुन्हा करावं लागतं.

बरं, यूट्यूबवरचा फक्त शाळेचा चॅनल चालू ठेवून बाकीचं बंद करू म्हटलं, तर राउटरला ते जमत नाही. आजकाल जवळपास सगळी पानं एचटीटीपीएसने येतात. त्यात राउटरला फार तर साइटचं नाव कळतं, आत कुठलं पान उघडलंय ते कळत नाही. त्यामुळे यूट्यूब एक तर सगळं, नाही तर काहीच नाही.

खरी गंमत पुढे आहे. आईबाबा लोकलमध्ये अडकलेले, प्रकल्प उद्या द्यायचा आणि हवी ती साइट यादीत नाही. मुलीने आजोबांचा फोन घेतला, हॉटस्पॉट सुरू केला, टॅब त्याला जोडला आणि काम उरकलं. आजोबांचा रोजचा दीड जीबी डेटा नाही तरी पडूनच असायचा! राउटरचा कायदा राउटरच्या वाय-फायपुरता चालतो. मोबाइल डेटा आणि शेजाऱ्यांचं वाय-फाय त्याच्या हद्दीबाहेर.

हद्दीतही पळवाटा आहेतच. राउटर टॅब ओळखतो तो त्याच्या मॅक ॲड्रेसवरून. अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून फोन वाय-फायला खरा मॅक ॲड्रेस न देता बनावट देतात. तो बदलला की राउटरला वाटतं, घरात नवीनच पाहुणा आला, आणि पाहुण्याला नियम लागू नसतात. घरच्या वाय-फायपुरती ही सोय टॅबच्या सेटिंगमधून बंद करता येते. यादी करण्याआधी ते करावं.

मग काय करावं? मूल आठ-दहा वर्षांपर्यंतचं असेल तर परवानगीची यादी जरूर ठेवा, पण ती राउटरवर न ठेवता टॅबवरच ठेवा. अँड्रॉइडवर गूगलच्या फॅमिली लिंकमध्ये आणि आयफोन-आयपॅडवर स्क्रीन टाइममध्ये ठरावीक साइटच उघडू देण्याची सोय आहे. हा नियम टॅबबरोबर हिंडतो, मग हॉटस्पॉट कोणाचा का असेना. फॅमिली लिंकची यादी क्रोमपुरती असते, हे मात्र ध्यानात ठेवा. इतर ॲपना परवानगी वेगळी द्यावी लागते.

राउटरकडे ढोबळ चाळणीचं काम द्यावं. साइटचं नाव टाकल्यावर ती कुठे आहे ते सांगणाऱ्या यंत्रणेला डीएनएस म्हणतात. क्लाउडफ्लेअरची २०२० पासूनची मोफत कौटुंबिक डीएनएस सेवा आहे. राउटरच्या डीएनएसच्या दोन रकान्यांत १.१.१.३ आणि १.०.०.३ भरलं की अश्लील आणि घातक साइट बऱ्याच अंशी अडतात. दोन्ही रकाने भरा. दुसऱ्यात जुना पत्ता राहिला तर विचारणा तिकडूनही जाऊ शकते.

आठ-दहा वर्षांपुढच्या मुलांसाठी मात्र संपूर्ण यादीचा हट्ट प्रस्तुत लेखकाला पटत नाही. सातवी-आठवीच्या अभ्यासाला रोज नवी साइट लागते आणि प्रत्येक वेळी परवानगी द्यायला घरात कोणी नसतं. तिथे चाळणी असू द्या आणि टॅब दिवाणखान्यातच वापरायचा ठरवा. एखादी साइट अडली तर मुलाने कोणाला फोन करायचा तेही आधीच सांगून ठेवा.

आणि यातलं काहीही करण्याआधी राउटरचा ॲडमिन पासवर्ड बदला. कंपनीने दिलेला पासवर्ड बऱ्याचदा राउटरच्या खालच्या स्टिकरवर छापलेला असतो, आणि तो सहावीतल्या मुलीलाही वाचता येतो.