पेटीवरच्या आकड्यावर जाऊ नकोस

पेरणी यंत्र दारात आलं की पोरं आधी पेटीवरचा तक्ता वाचतात. गहू अमुक खाचेवर, हरभरा तमुक खाचेवर, दांडा सरकवला की झालं. बापू, तो तक्ता यंत्र बनवणाऱ्यानं त्याच्याजवळच्या बियाण्यावर काढलेला असतो. तुझं बी निराळं, तुझं वावर निराळं. आकडा जुळलाच तर नशीब समज, पण नशिबावर गहू पेरू नये.

यंत्राला किलो कळत नाहीत. पेटीच्या बुडाशी खाचांचा रोलर फिरतो, खाचेत मावेल तेवढं बी उचलतो आणि नळीत सोडतो. म्हणजे ते मोजतं मापानं, आणि आपण पिशवी आणतो किलोवर. दोन्हीचा मेळ तूच घालायचा. हरभऱ्याचंच बघ. विजय वाणाचा दाणा बारीक, विराटचा टपोरा. राहुरीचं विद्यापीठ विजयला हेक्टरी 65 ते 70 किलो बी सांगतं, विराटला 100. दांडा एकाच खाचेवर ठेवून दोन्ही पेरलेस तर किलो जवळपास तेवढेच पडतील, पण दाण्यांची संख्या पार बदलेल. विजयची गर्दी होईल नाहीतर विराट विरळ पडेल. म्हणून वाण बदललं की माप नव्यानं काढायचं, मागच्या वर्षीचा आकडा कितीही पाठ असला तरी.

माप काढायचं ते असं. ट्रॅक्टरला यंत्र जोडून उचल, खाली लाकडी ठोकळे दे, म्हणजे रोलर फिरवणारं चाक मोकळं फिरेल. ट्रॅक्टर बंद कर आणि ठोकळे दिल्याशिवाय खाली हात घालू नकोस, हे तुला सांगायला लागू नये. चाकाच्या धावेवर खडूनं एक खूण कर. आता हिशेब. चाकाचा व्यास 60 सेंटीमीटर असेल तर एका फेरीत ते 1.88 मीटर चालतं. नऊ फणांचं यंत्र, दोन फणांत 22.5 सेंटीमीटर, म्हणजे रुंदी 202.5 सेंटीमीटर. इथं बरेच जण चुकतात भो. टेप पहिल्या फणापासून नवव्या फणापर्यंत धरतात आणि 180 लिहून घेतात. नऊ फणांत आठच गाळे असतात, पण परतीच्या खेपेला शेजारच्या तासाशी नववा गाळा सोडावा लागतोच. तो धरला नाही तर हिशेब तिथंच नवव्या हिश्शानं चुकला.

1.88 गुणिले 2.025 केलं की एका फेरीला 3.8 चौरस मीटर होतात. एक गुंठा म्हणजे 101 चौरस मीटर, दोन गुंठ्यांना 53 फेऱ्या. वेळेवरच्या बागायती गव्हाला हेक्टरी 100 किलो, म्हणजे एकरी 40, गुंठ्याला एक किलो. तेव्हा 53 फेऱ्यांत दोन किलो गहू पडला पाहिजे. कमी पडला तर दांडा पुढं, जास्त पडला तर मागं, आणि पुन्हा 53. एकदा बरोबर आलं म्हणून उठू नकोस. त्याच खाचेवर लागोपाठ तीनदा तेवढंच यायला हवं.

पिशव्या नळीगणिक वेगळ्या बांध. दोन किलोचे नऊ वाटे केले की प्रत्येकीत 222 ग्रॅमच्या आसपास यायला हवेत. सगळं बी एकाच ताडपत्रीवर गोळा केलंस तर बेरीज बरोबर दिसेल आणि त्यात एक नळी उपाशी राहिलेली कळणारही नाही. मग गहू उगवून आल्यावर दर नववं तास विरळ. एखादी पिशवी हलकी भरली तर आधी नळीत कोळ्याचं जाळं, मातीचा बोळा बघ, मग रोलरची खाच झिजलीय का ते बघ. घरातला किचन काटा घेऊन जा, काकू ओरडली तर माझं नाव सांग.

आता चार बारीकसारीक गोष्टी, पण सगळा खेळ यांच्यावरच असतो. सुरुवातीच्या पाच-सहा फेऱ्यांचं बी धरायचं नाही, ते परत पेटीत टाकायचं. रोलरच्या खाचा भरायला तेवढ्या फेऱ्या जातात. पेटी अर्धी ठेवून माप काढ आणि वावरातही ती अर्ध्याच्या आसपासच ठेव. काठोकाठ भरलेल्या पेटीत वरच्या वजनानं बी दाबून बसतं, तळाला गेलं की रोलरच्या एका टोकाशी पोकळी पडते. पेटीत पाव हिस्सा उरला की थांबून भर. आणि घरून वावरापर्यंत पेटी भरून नेऊ नकोस. आपल्या शिवाररस्त्यांच्या हादऱ्यांनी बी असं चेपून बसतं, की पहिल्या चार तासांत काय पडलं त्याचा भरवसा नाही. पिशव्या ट्रॉलीत ने, बांधावर भर.

बीजप्रक्रिया केली असेल तर माप प्रक्रियेनंतरच काढायचं. हरभऱ्याला आधी बुरशीनाशक किंवा ट्रायकोडर्मा, मग रायझोबियम आणि पीएसबी, दहा किलोला 250 ग्रॅमचं एकेक पाकीट, गुळाच्या पाण्यातून. नंतर सावलीत पसरून पूर्ण सुकव. चिकट हरभरा मुठीतून सुटत नाही, तो खाचेतून काय सुटेल? सुकल्यावरही त्याची अंगलट कोऱ्या बियाण्यासारखी नसते, घसरण कमी झालेली असते. कोऱ्या बियाण्यावर काढलेलं माप त्याला लावायचं नाही.

ठोकळ्यावरचं चाक आणि वावरातलं चाक यातही फरक आहे. भुसभुशीत रानात चाक थोडं घसटत जातं, तेवढी फेरी कमी भरते आणि बी कमी पडतं. म्हणून फण जमिनीत घालून वीस फेऱ्या चालव आणि टेप टाक. हिशेबानं 37.7 मीटर व्हायला हवेत. 40 भरले तर सहा टक्के बी कमी पडतंय, त्याप्रमाणे दांडा सरकव. गती तासाला चार किलोमीटरच्या आसपास, माणूस सोबत सावकाश चालू शकेल इतकी. ट्रॅक्टरवाला एकरावर पैसे घेतो, त्याला पुढच्या गिऱ्हाइकाची घाई असते. त्यानं गिअर वाढवला की खाचा पुरत्या भरत नाहीत आणि बी नळीत उड्या मारतं. तू मागं उभा राहा आणि त्याला टोक, त्याला राग आला तरी चालेल.

बाजरीला मात्र वेगळं डोकं लागतं. एकरी दीड किलो बी, म्हणजे गुंठ्याला चाळीस ग्रॅम. दहा ग्रॅमचा फरक पडला तर चौथा हिस्सा गेला. इथं दोन गुंठ्यांवर माप काढू नकोस, दहा गुंठ्यांच्या फेऱ्या फिरव, म्हणजे काट्याची चूक दहात वाटली जाईल. 45 सेंटीमीटरवर पेरायची तर एकाआड एक नळी बंद कर आणि रुंदी चालू नळ्यांवरूनच धर. तरी मीटरभर तासात अठरा-वीस दाणे पडतात आणि ठेवायची सहा-सात रोपं. विरळणी टळत नाही. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातल्या बाजरीवाल्यांना विचार, तेही हेच सांगतील.

तीळ त्याहून बारीक. एकरी किलो-सव्वा किलो. तो नुसता पेरलास तर तासात धारच लागते. बरोबरीनं चाळलेली बारीक वाळू किंवा कोरडं शेणखत मिसळायचं. पण वाळू जड, ती खाली बसते आणि तीळ वर राहतो. म्हणून सगळं एकदम कालवून पेटीत ओतायचं नाही. थोडं थोडं मिसळ, थोडं थोडं टाक.

माझ्या मते तिळाला अजून तिफणच बरी. चाड्यावर मूठ धरणारी बाई चांगली असेल तर तुझ्या रोलरला हार जाणार नाही. ओटीत बी, मूठ चाड्याच्या तोंडावर, अंगठा आणि दोन बोटं यांच्यामधून दाणे सुटतात आणि हात तिन्ही भोकांवर सारखा फिरत राहतो. बैल थबकले की मूठ मिटते, बैल चालले की उघडते. मूठ कधी रिकामी होऊ द्यायची नाही, कधी गच्चही भरायची नाही, बोलत बोलत तर पेरायचंच नाही. तुझ्या काकूनं असं पेरलेलं वावर उगवून आलं की तास मोजून घ्यावं. तिला किलोचा हिशेब विचारलास तर हसेल, पण दोन तासांनंतर ओटीत किती उरलं हे ती हातानं चाचपून बघते. तू काट्यावर जे करतोस तेच.

भुईमुगाला रोलरचं यंत्र लावू नकोस. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्रातून आलेला जेएल-24 असो की दुसरा कोणता, सोललेल्या दाण्याची साल निघाली की उगवण गेली, आणि रोलर साल सोडत नाही. तिरप्या तबकडीचं टोकण यंत्र बघ, नाहीतर हातानं टोकण.

घरचं बी असेल तर आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपास. गव्हाची 85 टक्के उगवण धरून चाळीस किलो सांगितलेलं असतं. तुझी 70 आली तर 40 गुणिले 85 भागिले 70, म्हणजे साडेअठ्ठेचाळीस किलो लागेल. त्याहून कमी आली तर दळून खा.

पहिलं तास पडलं की गुडघ्यावर बस आणि मीटरभर माती हळूच उकर. गव्हाचे पन्नास-पंचावन्न दाणे दिसायला हवेत, हरभऱ्याचे दहा-बारा. एकर संपला की उरलेलं बी तोल. किती पेरलं, कोणतं वाण, कितव्या खाचेवर, हे पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटनं लिही, वहीत लिहिलेलं पुढच्या वर्षी सापडत नाही. आणि बियाण्याबरोबर खतही पेरलं असेल तर संध्याकाळी यंत्राची खताची पेटी रिकामी करून धुऊन टाक, रोलर सुकला की तेलाचं फडकं फिरव. मृगाच्या दमट हवेत रात्रभर उरलेलं खत पाणी सुटून रोलरला असं चिकटतं, की सकाळी हातोडीनं सुटत नाही.