मागे इंजिन, पुढे बारीक टायर

मागच्या पावसाळ्यात मामाच्या जुन्या नॅनोचे टायर बदलायचे होते. दुकानदार म्हणाला, "पुढचं बारीक माप शिल्लक नाही. चारही मागच्या मापाचे टाकू, दिसायला पण भारी." आम्ही मान डोलावली. आठवड्याने तुळजापूरचा घाट उतरताना वळणावर समोर एसटी आली. मी घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि गाडीचं बूड एकदम बाहेर फिरलं. एसटीवाल्याने वेळेत ब्रेक दाबला म्हणून हा लेख लिहितोय!

गावाकडच्या मित्रांना उलाळ बैलगाडी माहीत असेल. भार मागे पडला की ती बैलांचं ऐकत नाही. मागे इंजिन असलेल्या मोटारीचंही तसंच. २००९ साली बाजारात आलेल्या नॅनोला म्हणूनच पुढे १३५ आणि मागे १५५ मिलिमीटर रुंदीचे टायर होते. आम्हाला ती कंपनीची काटकसर वाटायची. खरं तर वळणात पुढची चाकं आधी दमावीत, अशी ती सोय. पुढची घसरली (अंडरस्टीअर) तर गाडी रुंद जाते, आपण आपसूक पाय उचलतो आणि ती परत रेषेवर येते. मागची आधी सुटली (ओव्हरस्टीअर) तर पाय उचलणंच अंगाशी येतं, कारण वजन पुढे सरकून मागची चाकं आणखी हलकी होतात.

पोर्शे ९११ चं इंजिन तर मागच्या ॲक्सलच्याही मागे. सुरुवातीच्या काही गाड्यांत पुढच्या बंपरमध्ये दोन्ही टोकांना ११-११ किलोची वजनं बसवली होती! १९६९ च्या मॉडेलपासून व्हीलबेस ५७ मिलिमीटरने वाढवला.

ट्रॅकवाले मात्र अँटिरोल बारशी खेळतात. समजा, एका ॲक्सलच्या दोन्ही टायरांवर ३००-३०० किलो भार आहे आणि प्रत्येकी २७० ची पकड मिळते, एकूण ५४०. वळणात तोच भार ४५० आणि १५० झाला, तर पकड ३६० आणि १४५, म्हणजे ५०५ च. भार वाढतो त्या प्रमाणात पकड वाढत नाही. पुढचा बार कडक केला की ही भाराची ढकलाढकली पुढच्या ॲक्सलवर जास्त होते, तिथली पकड घटते आणि मागचं टोक शांत राहतं. फार कडक केला तर गाडी वळतच नाही, वेळ जातो. म्हणून एका वेळी एकच बदल, तोही थोडा.

नॅनोत बारचे चाळे परवडणारे नव्हते. सरांच्या परवानगीने कॉलेजच्या मैदानावर चुन्याने १५ मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखलं आणि वेग हळूहळू वाढवला. चारही सारख्या टायरांवर ताशी ३० च्या आसपास पाय उचलला की मागचं टोक सुटायचं. मग सोलापूरहून १३५ चे दोन आणून पुढे बसवले. त्याच वेगाला पुढची चाकं चुन्याच्या रेघेबाहेर सरकली, पाय उचलताच परत आत आली. पाच वेळा फिरवून पाहिलं, पाचही वेळा तेच.

काढलेले दोन नवे टायर रूमवर कॉटखाली पडून आहेत. मामा अजून त्यांचे पैसे मागतोय.